जुलाब लागल्यावर बाळाचं खाणं बंद ठेवायचं का? सासूबाई म्हणतात पोटाला आराम द्या

पारोळ्याची_सून
नमस्कार सगळ्यांना. माझा मुलगा 14 महिन्यांचा आहे, आम्ही पारोळा तालुक्यात खेड्यावर राहतो. परवापासून पाण्यासारखे जुलाब लागलेत, रक्त वगैरे नाही, ताप होता तो उतरला. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या पण खायला काय द्यायचं ते बोललेच नाहीत, गर्दी खूप होती. घरी सासूबाई म्हणतात "पोटले आराम दे, काही खावाडू नको", म्हणून नुसतं साबुदाण्याचं पाणी आणि चहा-बिस्कीट चालू आहे. माझं अंगावरचं दूध पण बंद कर म्हणतात, म्हणे दूध बाधलं. त्यांचा नातवावर खूप जीव आहे, त्यांच्या काळी असंच करायचे म्हणून सांगतात. पण अंगणवाडीत मागच्या महिन्यात वजन 8.4 किलो होतं ते आज 7.9 भरलं आणि मला रडूच आलं. कोणीतरी नीट सांगा, काय करू?

धुळे_सिस्टर
ताई, सगळ्यात आधी अंगावरचं दूध सुरू करा, आत्ताच, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. आईचं दूध बाधत नाही. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, जुलाबाने आलेली पोरं बघते आणि त्यातली कितीतरी पोरं जुलाबापेक्षा उपाशी ठेवल्याने जास्त खंगलेली असतात, हे बघून खरंच जीव तुटतो. जुलाबात आतड्याच्या आतला थर झिजतो आणि तो भरून यायला अन्नच लागतं, पोट रिकामं ठेवलं की तो उलट उशिरा भरतो. खाल्लं की लगेच शी होते म्हणून बायका घाबरतात पण तरीही खाल्लेल्यातलं बरंचसं अंगी लागतं.
साबुदाण्याच्या पाण्यात नुसता स्टार्च असतो, चहात तर काहीच नाही. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी द्या, चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट, वरून चमचाभर तेल नाहीतर तूप. दहीभात चालतो, ज्वारीची भाकर वरणात कुस्करून चालते. वरणाचं वरचं पाणी नको, डाळ द्या.
ओआरएस प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्याने. मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात आणि छोटं 200 मिलीत, पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं, अंदाजाने नको. केलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर फेका. झिंक 20 मिलिग्रॅम रोज, पूर्ण 14 दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका.

रावेरची_माय
केळं दे वं माय! आमच्या इकडे सगळीकडे केळीच्या बागा, ट्रकच्या ट्रक बाहेर जातात आणि घरातलं पोरगं आजारी पडलं की म्हणायचं केळं थंड असतं, सर्दी होईल, कफ होईल. काबरं? जुलाबात अंगातलं पोटॅशियम जातं ते केळ्यातून मिळतं, चावायची गरज नाही, शिजवायची गरज नाही, कापूस वेचायला गेलेल्या आईला बांधावर बसून पण भरवता येतं. पिकलेलं केळं चमच्याने दाबून द्यायचं. माझ्या नातवांना मी असंच दिलंय आणि देणार. सासूला सांग रावेरच्या एका आजीने सांगितलं, सुनेचं ऐकायला अवघड जातं, बरोबरीच्या बाईचं ऐकतील.

शिरपूरकर_दादा
दोन गोष्टी सांगतो. दुकानात टेट्रापॅकमध्ये गोड ज्यूससारखं पाणी मिळतं ते ओआरएस समजून घेऊ नका, त्यात साखर फार असते आणि त्याने जुलाब वाढतात. फूड सेफ्टीवाल्यांनी 2025 मध्ये असल्या पेयांवर ओआरएस नाव लावायला बंदी घातली. पाकीट आशाताईंकडे फुकट मिळतं.
दुसरं, आपल्याकडे सलाईन लावल्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्याच हातून पाजलं आणि मृत्यू एकदम खाली आले. त्याच धर्तीचं पाणी तुमच्या घरात पाकिटात आहे.

चोपडा_आई
पण आम्हाला तर सांगितलं होतं की जुलाबात गाईचं दूध बंद करा? मग खरं काय?

धुळे_सिस्टर
चोपडा ताई, जुलाब 14 दिवसांच्या वर लांबले तर डॉक्टर वरचं दूध कमी करून दही द्यायला सांगतात, ते वेगळं. साध्या जुलाबात मूल रोज जे दूध पितं ते चालू ठेवायचं, त्यात पाणी घालून पातळ करायचं नाही. आईचं दूध तर कधीच बंद नाही.

सातपुडा_सेविका
मी अक्कलकुव्याकडे अंगणवाडीत आहे. सगळे जुलाब थांबण्याची वाट बघतात, थांबले की विसरतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. बरं झाल्यावर मुलाला भूक लागते, त्या वेळी किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायचं तेव्हाच गेलेलं वजन परत येतं. नाहीतर पुढच्या महिन्यात खोकला, मग परत जुलाब, आणि मूल एक-एक पायरी खाली जातं. आमच्याकडे बरेच आईबाप ऊसतोडीला गुजरातला जातात, तिथे झोपडीवर आजारी पडलेलं मूल परत येतं तेव्हा दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल दाखवते. 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल म्हणजे गंभीर कुपोषण, 12.5 पर्यंत पिवळा. ताई, तुमच्या सेविकेकडून मुलाचा दंड मोजून घ्या, पावलांवर बोटाने दाबून खड्डा राहतो का ते पण बघायला सांगा. लाल आला तर पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायला घाबरू नका, तिथे आईचं जेवण आणि बुडीत मजुरी मिळते.
आम्ही इकडे नागलीची (नाचणीची) घट्ट पेज शेंगदाण्याचं बारीक कूट घालून देतो, अंडं असेल तर कुस्करून.

पारोळ्याची_सून
सगळ्यांचे खूप आभार. दूध सुरू केलं, लगेच ओढून प्यायला. रावेरच्या मावशींचा मेसेज सासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या केळं उद्या देऊ आणि खिचडी त्यांनी स्वतःच टाकली. पण तो दोन घास खातो आणि तोंड फिरवतो. जबरदस्ती करू का? आणि मध्येच ओआरएस उलटून टाकलं.

धुळे_सिस्टर
जबरदस्ती नको, नाक दाबून तर कधीच नको. दोन घास तर दोन घास, दर दोन-अडीच तासांनी परत विचारा, मांडीवर घेऊन, त्याला आवडतं ते आधी. उलटी झाली की 10 मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. पण प्यायलेलं सगळंच उलटत असेल, पिताच येत नसेल, झोपाळू होऊन उठत नसेल, डोळे खोल गेले असतील, शीतून रक्त आलं, झटके आले, यातलं एक जरी दिसलं तर रात्र असली तरी 108 ला फोन करा आणि वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेवा, झोपाळलेला नसेल आणि गिळत असेल तरच.