मदत हवी आहे: सेन्सरशिवाय मॅग्नेटिक बेअरिंग, भार येताच रोटरची जागा चुकीची दिसते

रेडियल अ‍ॅक्टिव्ह मॅग्नेटिक बेअरिंग (फिरता रोटर विद्युतचुंबकांनी हवेत तरंगत ठेवणारं), हवेची फट ०.५ मिमी, पीडब्ल्यूएम (व्होल्टेज झटपट चालू-बंद करून करंट नियंत्रण) २० किलोहर्ट्झ. रोटरची जागा कॉइलच्या करंट रिपलवरून (या चालू-बंदमुळे करंटमध्ये होणाऱ्या बारीक चढउतारावरून) काढतोय: फट वाढली की इंडक्टन्स (करंट बदलाला कॉइलचा विरोध) घटतो, रिपल वाढतो. समोरासमोरच्या कॉइलचा फरक घेतलाय, ड्यूटी सायकलचा (चालू वेळेच्या प्रमाणाचा) परिणामही काढलाय. हलक्या भारावर रोटर छान तरंगतो. जास्त करंटला मात्र कोअर सॅच्युरेट होऊन (आणखी चुंबकत्व फारसं न घेता) इंडक्टन्स पडतो, कंट्रोलरला वाटतं फट वाढली. तो आणखी ओढतो आणि रोटर धाडकन टचडाउन बेअरिंगवर (रोटर पडला तर झेलणारं साधं बेअरिंग). फिल्टर वाढवला तर फेज लॅगमुळे (सिग्नल उशिरा आल्याने) डॅम्पिंगच (कंपनं शमवणं) जातं.

बायस करंट (कॉइलमधून सतत वाहणारा पायाभूत करंट) कमी केला तर कडकपणा पुरत नाही. स्टेटर सीलबंद, त्यामुळे वेगळी सेन्सिंग कॉइल नको. तुलनेपुरता एडी करंट सेन्सर (फट थेट मोजणारा) अजून आहे. त्यावरून करंटनुसार करेक्शन टेबल बनवलं तर पुरेल, की फ्लक्स ऑब्झर्व्हरच (व्होल्टेज-करंटवरून चुंबकीय फ्लक्सचा अंदाज काढणारं गणित) लागेल?