रविवारी चर्चला कोणाबरोबर जायचात? (अनुभव धागा)

लहानपणी कोणाचं बोट धरून चर्चला जायचात ते लिहा इथे, कुठल्याही पंथाचे असा, ख्रिस्ती नसलात तरी चालेल. सुरुवात मी करते.

मे महिन्यात आम्ही आत्याकडे नगरला असायचो. रविवारी ह्यूम मेमोरियल चर्च. निघताना आत्या माझ्या रुमालाच्या टोकाला एक रुपया बांधून द्यायची, दानासाठी, आणि थैली फिरत आमच्या बाकापाशी आली की ती गाठ काही केल्या सुटायची नाही, मग आत्या दातांनी सोडायची. त्याआधी संडे स्कूल, तिथे सुवर्णवचन, म्हणजे बायबलमधलं नेमून दिलेलं वचन, पाठ म्हणायचं. पण मला ओढ गाण्यांची, पेटी-तबला-टाळ नि कवी ना. वा. टिळकांची भजनं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला पण अभंग-ओवी सोडली नाही, म्हणून तर येशूची गाणी आम्हाला आमच्याच चालींत मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. बाहेर पडलं की दिसेल त्या मोठ्या माणसाला सलाम करायचा, नाही केला तर आत्या घरी आल्यावर बोलायची.

---

मी वसईचा, कुपारी, म्हणजे तिथल्या कॅथलिक ख्रिस्ती समाजातला. आजी लाल लुगडं नेसून पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघायची, मागे आम्ही नातवंडं, वाडीतल्या वाटेने, पावसाळ्यात चपला हातात घेऊन, चर्चच्या पायरीवर पाय धुवायचे. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादर वेदीकडे तोंड करून म्हणणार नि बाया आपल्या रोजरी, म्हणजे माळेवरचा जप, करत बसणार. 1962 ते 65 ची कॅथलिक चर्चची व्हॅटिकन परिषद झाली आणि मग मराठी आली. फादर काय म्हणतात ते आपल्याला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं, हे सांगताना दर वेळी तिचा गळा दाटून यायचा.

---

आम्ही हिंदू. मावशीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, आजोबा दोन वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. मी सात वर्षांचा असेन, पुण्यात तिच्याकडे राहायला गेलेलो. प्रभूभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकर नि द्राक्षरस घ्यायला, सगळे उठले तसा मीपण उठलो तर काकांनी खांद्यावर हात ठेवून हळूच खाली बसवलं. मला रडूच आलं, सगळ्यांना मिळणार आणि मला नाही. मावशी पुढे गेली पण काका माझ्या शेजारी बसून राहिले, गेलेच नाहीत. त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी काय सोडलं ते मला कळायला वीस वर्षं लागली, तोवर ते गेले होते.

---

नगरच्या ताई, रुमालाची गाठ वाचून एकदम आजोबा आठवले! आमच्याकडे दहा पैसे असायचे. आजोबांचं उपासना संगीत, म्हणजे चर्चच्या गाण्यांचं पुस्तक, माझ्याकडे आहे, पुठ्ठा निघालाय, प्रत्येक गाण्याशेजारी पेन्सिलीने कुठल्या चालीवर म्हणायचं ते लिहिलंय. त्यातल्या निम्म्या चाली आता आमच्या गावात कोणालाच येत नाहीत. तुमच्या आत्या असतील आणि गाऊन दाखवणार असतील तर सांगा, मी वही घेऊन येतो.