पॅरापा द रॅपर: खेळ तोच, मग समीक्षक का फिरले?

तिरकिट
डिसेंबर १९९६ मध्ये जपानात प्लेस्टेशनवर 'पॅरापा द रॅपर' हा व्हिडिओ गेम आला. मास्तर रॅप म्हणतात, तुम्ही ठेक्यावर बटणं दाबून तो परत म्हणायचा. कागदासारखा चपटा कुत्रा, सनी नावाच्या सूर्यफुलावर जीव जडलेला, आणि तिच्यासाठी कराटे, ड्रायव्हिंग, केक सगळं रॅप करत शिकणारा. कराटेच्या मास्तरांचं डोकं कांद्याचं! कल्पना मासाया मात्सुउरांची, चित्रं रॉडनी ग्रीनब्लाटची. तेव्हा समीक्षकांनी डोक्यावर घेतला. २०१७ मध्ये पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर रीमास्टर, म्हणजे तोच खेळ चित्रं सुधारून, आल्यावर मात्र सूर बदलला: 'टायमिंग जमत नाही', 'लगेच संपतो'. माझ्या मते नंतरच्या रिदम गेम्सनी (ठेक्यावर बटणं दाबायच्या खेळांनी) समीक्षकांना मोजपट्टीची सवय लावली. प्रत्येक बटणाचा हिशोब हवा. पॅरापा हिशोबाचा गेम नाहीच.

उपाशी_बोका
खेळ तोच, पण टीव्ही तो नाही ना साहेब! जुन्या डबा टीव्हीवर बटण दाबलं की लगेच दिसायचं. आजचा फ्लॅट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मग दाखवतो, त्यात उशीर होतो. 'रॉक बँड' या रिदम गेममध्ये २००७ पासून हा उशीर जुळवून घ्यायची सेटिंग आहे. २०१७ च्या पॅरापात ती नाही. ठेक्यावरच्या खेळात ठेकाच चुकतोय, आणि समीक्षकाने आठवणीला मान देऊन गप्प बसायचं? शिवाय खेळाची चित्रं चकाचक केली, पण मधले कथेचे व्हिडिओ तसेच धूसर ठेवले. अर्धवट काम आहे ते.

तिरकिट
टीव्हीचा मुद्दा मान्य. पण 'गुण कसे मिळतात ते कळत नाही' ही तक्रार टीव्हीची नाही, आणि माझा वाद तिच्याशीच आहे. मास्तर म्हणतात तसंच ठेक्यात दाबत राहिलात तर 'गुड' या दर्जावर राहता. त्याच्या वरच्या 'कूल' दर्जाला जायचं तर ठेका न सोडता मध्ये स्वतःची भर घालावी लागते. मग मास्तर बाजूला होतात आणि मैदान तुमचं. तबल्यावर कायदा (ठरलेली मूळ रचना) घोकून झाल्यावर पलटे (तिचे फेरफार) स्वतः सुचावे लागतात, तसंच. गुरुजी 'तिसरा पलटा हा वाजव' असं लिहून देतात का?

गणिताच्या_मॅडम
गुरुजी लिहून देत नसतील, पण चुकलं तर मान तरी हलवतात! इथे तेच वाजवून एकदा गुण वाढतात, एकदा कमी होतात. भर घातली ती आवडली की नाही, का आवडली नाही, काही पत्ता नाही. उत्स्फूर्ततेच्या नावाखाली अपारदर्शक तपासणी. माझ्या विद्यार्थ्यांनी असा पेपर सहन केला नसता. हा दोष १९९६ मध्येही होता. नवलाईत झाकला गेला इतकंच.

उपाशी_बोका
+१. आणि सहाच टप्पे. हात बसला तर एका बैठकीत संपतो.

कोल्हापुरी_ठेचा
संपतो म्हणून काय झालं राव? पाचव्या टप्प्यात पॅरापाला संडासाची घाई झालीय, रांगेत पुढे सगळे जुने मास्तर, आणि पुढे सरकायला एकेकाला रॅपमध्ये हरवायचं. हे ज्याला सुचलं त्याच्याकडून 'आणखी चौदा टप्पे द्या' म्हणून मागायचं? गाणं पुन्हा ऐकतो तसा टप्पा पुन्हा खेळायचा. तासांवर गुण देणारे समीक्षक मला तरी वजनावर पुस्तक घेणारे वाटतात.

गणिताच्या_मॅडम
संडासाच्या रांगेला माझे पैकीच्या पैकी. हरकत तपासणीवर आहे.

तिरकिट
मॅडम, तपासनीस लहरी आहे हे खरंय. पण तो बदलून अचूक केला असता तर सगळ्यांनी एकच 'बरोबर' रॅप पाठ केला असता. मला लहरी चालेल.

उपाशी_बोका
लहरी चालेल, पण उशिरा ऐकणारा नको. ती सेटिंग द्यायला काय हरकत होती?