पूलच्या कडेची पट्टी: मल्च की टर्फ?

सेक्रेटरी, ए-६०४: सर्वांना नमस्कार. पूलभोवतीच्या पट्टीतलं नारळसालीचं मल्च (मातीवर पसरलेला सालीच्या तुकड्यांचा थर) संपत आलंय. पुन्हा तेच भरायचं की आर्टिफिशियल टर्फ (कृत्रिम गवत) लावायचं, हे येत्या मीटिंगमध्ये ठरवायचं आहे. मतं इथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना दिसतील.

ए-२०१: मल्चच ठेवा. स्वस्त पडतं, दिसायलाही नैसर्गिक. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघा, सगळीकडे मल्च असतं.

बी-११०३: काका, तिथला पाऊस वेगळा. आपल्या मुलुंडला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिमीच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात नारळसालीचे तुकडे तरंगणारच, आणि तरंगले की पूलमध्येच जाणार. गेल्या जुलैत लाइफगार्डदादांनी स्किमरची, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा अडवणारी टोपली उपसली तेव्हा मी तिथेच उभी होते. मूठमूठ तपकिरी सालं, त्यांत गुंतलेले केस, एक मेलेली गोम आणि तळाला चहाच्या चोथ्यासारखा गाळ. त्याच पाण्यात आपली मुलं शिकतात.

नुसतं दिसायला वाईट एवढंच नाही. सालं, माती, पानं पाण्यात गेली की क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो आणि जंतू मारायला उरत नाही. मग ऑपरेटर आणखी क्लोरीन टाकतो, फिल्टर तुंबतो, पुन्हापुन्हा बॅकवॉश करावा लागतो, म्हणजे उलट पाणी सोडून फिल्टर धुवावा लागतो. ते पाणी थेट गटारात जातं आणि आपण टँकर मागवतो. शिवाय मल्च कुजतं, त्यामुळे दर पावसाळ्यानंतर नवीन गोण्या. स्वस्त म्हणताना हा खर्चही धरायला हवा.

डी-८०२: ताईंशी सहमत. पायाला चिकटलेला तो चुरा लिफ्टपर्यंत येतो. टर्फ लावून टाका, विषय संपवा.

सी-४०२: थांबा. टर्फ म्हणजे प्लास्टिक. उन्हाने झिजून त्याचे बारीक तंतू निघतात, तेही पाण्यातच जाणार ना? आणि आठ-दहा वर्षांनी उखडलं की टाकणार कुठे?

बी-११०३: वहिनी, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मीटिंगच्या मिनिट्समध्ये यायला हवा. टर्फच्या पात्या, खालचं कापड आणि चिकटवलेला थर वेगवेगळ्या प्लास्टिकचे असतात, त्यामुळे रिसायकल करणं अवघडच. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की लागेल तेवढीच पट्टी टर्फची. जिथे ओल्या पायांची ये-जा आहे तिथेच. सोनचाफ्याच्या आणि कडीपत्त्याच्या वाफ्यांना उंच कठडा आहे, तिथलं मल्च वाहून येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये मातीत ओल धरून ठेवतं. ते काढू नये.

ए-२०१: पण टर्फ तापतं. माझ्या भाच्याच्या सोसायटीत दुपारी पाय ठेववत नाही.

बी-११०३: तापतं, काका. भर उन्हात पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. पाणी मारलं की लगेच थंड होतं आणि थोड्या वेळात परत तापतं. आपली पूर्वेकडची बाजू दुपारनंतर बी विंगच्या सावलीत असते, तिथे अडचण नाही. पश्चिमेकडे शेड नेट बांधल्याशिवाय टर्फ नको, तोवर टाइल्सच बऱ्या.

माझी खरी काळजी टर्फच्या खालची आहे. आपला पूल पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर आहे. गेल्या पावसाळ्यात पी-१ मधल्या गाड्यांच्या बॉनेटवर चुन्याचे ओघळ पडत होते, ते त्याच बाजूला. आता थेट स्लॅबवर टर्फ अंथरलं तर पाणी खाली अडकेल, वास येईल, शेवाळ धरेल, डास होतील, आणि लीकेज कुठून होतंय हे दिसणारही नाही. म्हणून आधी मल्च आणि माती पूर्ण काढा. किमान ४८ तास पाणी साठवून वॉटरप्रूफिंग तपासा. पाणी जाण्याच्या जाळीकडे ढाळ आहे का बघा. मग ड्रेन सेल, म्हणजे खालून पाणी वाहू देणाऱ्या पोकळ प्लास्टिकच्या जाळ्या, आणि त्यावर टर्फ. कॉन्ट्रॅक्टरने कडा खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, चिकटवायच्या. एक खिळा स्लॅबमध्ये गेला की वॉटरप्रूफिंग फाटलं.

डी-८०२: हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्यावं लागेल. नाहीतर सगळे फक्त स्क्वेअर फुटाचा दर पाठवतात.

बी-११०३: अगदी बरोबर. पाती उभी राहावी म्हणून टर्फमध्ये सिलिका वाळू भरतात, तेही विचारा. ती पूलमध्ये गेली तर तळाशी बसते. म्हणून कोपिंग (पूलच्या काठावरची फरशी) आणि टर्फच्या मध्ये दीडेक फूट अँटी-स्किड टाइल हवीच, आणि वाळू कमीत कमी.

सी-७०१: दिवाळीत मुलं पोडियमवर फुलबाज्या लावतात. ठिणगी पडली तर?

बी-११०३: वितळून भोक पडतं. पूलच्या बाजूला फटाके बंद, हे आत्ताच ठरवूया.

सेक्रेटरी, ए-६०४: तीन कोटेशन मागवतो. वॉटरप्रूफिंगची तपासणी वेगळी, टर्फ वेगळं. तपासणीत लीकेज निघालं तर आधी दुरुस्ती, टर्फ दिवाळीनंतर. कोणाची हरकत?

ए-२०१: लीकेज आधी बघणार असाल तर माझी हरकत नाही. पश्चिमेकडे टाइल्स मात्र नक्की.

बी-११०३: नक्की, काका. सेक्रेटरी साहेब, तपासणी मेच्या आत होऊ द्या. पाऊस सुरू झाला की पाणी वरून आलं की पूलमधून, कळणार नाही.

सी-४०२: निघालेलं मल्च कचऱ्यात देऊ नका. चाळून चाफ्याखाली टाकता येईल. माळीदादांशी मी बोलते.