मदत हवी आहे : पहाटे गावातील पीएम २.५ शहरापेक्षा जास्त का दिसते?

नमस्कार. वडिलांना दमा असल्याने त्यांनी शहर सोडून गावी राहावे, असे आम्ही घरात जवळजवळ ठरवले आहे. त्याआधी दोन्हीकडची हवा मोजावी म्हणून एकाच बनावटीची, लेझरवर चालणारी दोन लहान यंत्रे आणली आणि एक शहरातील रस्त्याकडेच्या गॅलरीत, तर दुसरे गावच्या ओसरीत टांगले. तीन आठवड्यांच्या नोंदी पाहून मात्र मी गोंधळलो आहे.

दिवसा शहरातील पीएम २.५ (हवेतील अडीच मायक्रोन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अडीचपट, किंवा त्याहून लहान कण) जास्त असते, वाहनांच्या गर्दीच्या वेळी तर आणखी चढते. परंतु पहाटे चार ते आठ या वेळेत गावातील आकडे शहराच्या पुढे जातात आणि ऊन वर आल्यावर भराभर उतरतात.

पहिला संशय यंत्रावर आहे. ते कणांचे वजन करत नाही, तर कणांवर आदळून विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधते. आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या वर गेली की सल्फेट आणि नायट्रेटचे कण पाणी शोषून फुगतात, त्यामुळे जास्त प्रकाश विखुरतो व आकडा वाढतो. धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजले जाऊ शकतात. दोन्ही यंत्रे आधी दोन दिवस शेजारी ठेवली तेव्हा आकडे जुळले होते, पण ती खोली कोरडी होती, म्हणून त्या जुळण्याने या शंकेचे निरसन होत नाही.

दुसरी शक्यता मला अधिक सतावते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि चुली, शेकोट्या व जाळलेला पालापाचोळा यांचा धूर तिथेच रेंगाळतो. लाकडाच्या धुरातील बहुतेक कण एक मायक्रोनहूनही लहान असतात. गावातील यंत्राच्या जाळीवरून बोट फिरवले तर काळी काजळी लागते, शहरातील यंत्रावर करडी धूळ असते. धुके अजिबात नसलेल्या दोन पहाटेही गावातील आकडा चढाच होता.

पीएम १० चा (दहा मायक्रोनपर्यंतच्या कणांचा) रकाना मी विचारात घेतलेला नाही, कारण नांगरट किंवा कच्च्या रस्त्याची जाड धूळ अशा यंत्रांना नीट मोजता येत नाही.

आर्द्रतेची नोंद त्याच यंत्रात आहे. तिच्या आधारे आकडे दुरुस्त करण्याची घरी जमेल अशी रीत कोणी वापरली आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर सुचवली आहे. दम्याच्या रुग्णासाठी ही सरासरी पाहावी की पहाटेचे ते चार तास? वडील नेमके त्याच वेळी फिरायला जातात. तूर्त त्यांना ऊन वर आल्यावरच बाहेर पडायची विनंती केली आहे. कोणाला तपासायच्या असतील तर तासागणिक नोंदी इथे देतो.