एरंडाचं नायलॉन: खरा पर्याय की नुसतंच गुऱ्हाळ?

कोरडवाहू: काल गॅरेजात गाडीची पेट्रोलची नळी बदलली. जुनी हातात घेऊन मेकॅनिकला म्हटलं, असल्या नळ्या एरंडेल तेलापासूनही बनतात. तो हसलाच. पण नायलॉन ११ हा नायलॉनचा प्रकार सगळाच्या सगळा एरंडेलातून निघतो. तेलातलं रिसिनोलिक आम्ल उष्णतेनं तोडायचं आणि तुकड्यांची पुढं लांब साखळी जोडायची. फ्रेंचांनी हे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शोधलं, आणि जगातला बहुतेक एरंड पिकतो शेजारच्या गुजरातेत, कमी पाण्यावर. मग आपल्याकडे 'जैवप्लास्टिक' म्हटलं की सगळे उसाकडेच का पळतात?

मोल्डिंगवाला: हिशेब करा की राव. जगात वर्षाला ४० कोटी टनांच्या वर प्लास्टिक बनतं. एरंडेल सगळं गोळा केलं तरी १० लाख टन भरत नाही. शिवाय नायलॉन ११ चा भाव नायलॉन ६ च्या, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या नेहमीच्या नायलॉनच्या, कितीतरी पट. नळीला परवडेल, बादलीला नाही. साखरेपासून पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड, कुजू शकणारं प्लास्टिक) मोठ्या प्रमाणावर निघतं.

गच्चीवरची बाग: काढा, पण टाकणार कुठं? सोसायटीच्या खतखड्ड्यात 'कंपोस्टेबल' छापलेले पीएलएचे चमचे टाकले होते. वर्षानं खत चाळलं तर चाळणीत चमचे जसेच्या तसे, धुऊन पुन्हा पंगतीत वाढावेत असे! कुजायला ६० अंशांच्या आसपासची ऊब आठवडेच्या आठवडे लागते. आणि तेवढ्याच ऊन चहानं कप मात्र मान टाकतो.

मोल्डिंगवाला: चहाचं मान्य.

कोरडवाहू: बागवाले, कुजणं हा विषयच निराळा. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलचं पॉलिथिन बनतंय, तेही कुजत नाही. एरंडाचं नायलॉनही नाही. पेट्रोलची नळी कुजलेली कोणाला हवीय? तेल विहिरीतून काढायचं की बियांतून, एवढंच मी विचारतोय.

बांधावरचा: विचारा, पण एरंड लावणार कोण? उसाला एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) आहे, एरंडाला हमीभावसुद्धा नाही. आमच्याकडं सोयाबीनच्या कडेनं लावतात, तोही पानं खाणारी अळी तिकडं वळावी म्हणून. पेंड विषारी, गुरांना चालत नाही. मागल्या साली दोन पायली बी आडत्याकडं नेलं. म्हणाला, "दिव्यात जाळा."