मदत हवी आहे: 'क्वाइट गुड' म्हणजे नक्की काय? (अर्जंट)

घाईघाई: तीन आठवडे खपून रिपोर्ट पाठवला आणि मेलला उत्तर काय, तर 'क्वाइट गुड'. हे कौतुक आहे की बोळवण? डिक्शनरीत बघितलं तर एका ओळीत 'पूर्णपणे' आणि खालच्याच ओळीत 'बऱ्यापैकी', दोन्ही कसं असेल?? अर्ध्या तासात रिप्लाय द्यायचाय, लवकर सांगा.

पेनवाला: पाठवणारा ब्रिटिश की अमेरिकन? ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार. अमेरिकन असेल तर खूश व्हा, त्यांचं क्वाइट म्हणजे जवळजवळ व्हेरी. ब्रिटिश असेल तर 'ठीक आहे, चालेल'.

शब्दकिडा: इतकं सरळ नाहीये ते. ब्रिटिशसुद्धा 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणतात तेव्हा अर्थ 'अगदी अशक्य' असाच होतो, कारण अशक्यात कमीजास्त नसतं. गुडमध्ये असतं, म्हणून तिथे 'बऱ्यापैकी'. मूळ लॅटिन क्विएटस, म्हणजे शांत, निवांत. फ्रेंचमध्ये त्याचा 'मोकळा, सुटलेला' झाला आणि इंग्रजीत आधी 'पूर्णपणे', 'बऱ्यापैकी' खूप नंतर. क्विट आणि क्वायट ही त्याचीच भावंडं.

जुनंखोड: नाइसचं तर याहून भारी आहे, 1300 च्या आसपास नाइस म्हणजे मूर्ख! लॅटिन नेसियस, अजाण. 18व्या शतकात कुठे 'छान' झालं.

घाईघाई: नाइसचं कुणी विचारलंय?

चष्मिश: मी एकदा नोटीसवर 'प्लीज बी क्वायट'च्या जागी 'प्लीज बी क्वाइट' छापलं होतं, चार महिने तशीच लटकत होती. स्पेलचेकही काही बोलत नाही, दोन्ही शब्द बरोबरच ना.

तिरकस: मराठीत तरी वेगळं काय आहे? 'बरं लिहिलंय' म्हटलं की तोंड वाकडं, आणि 'बरंच चांगलं लिहिलंय' म्हटलं की खूश. एका 'च'चा खेळ.

पेनवाला: विषय भरकटतोय. धागाकर्ते, पूर्ण वाक्य टाका.

घाईघाई: 'क्वाइट गुड, बट सेक्शन थ्री इज नॉट क्वाइट रेडी.' बाई मूळच्या लंडनच्या, दहा वर्षं बॉस्टनमध्ये आहेत.

शब्दकिडा: हे आधी सांगायचं ना! दोन्ही अर्थ एकाच वाक्यात. पहिला बऱ्यापैकी, दुसरा पूर्णपणे.

पेनवाला: दहा वर्षं बॉस्टन म्हणजे पहिला व्हेरीच.

शब्दकिडा: गाव बदललं म्हणून क्वाइट बदलत नाही हो.

घाईघाई: तुमचं चालू द्या. 'थँक्स' एवढंच टाकलंय, तिसरा सेक्शन परत लिहायला बसतोय.